नरखेड तालुक्यांतील शाळांचीं दाखल-खारीज पुस्तकें व बाजारचे निरख

जुन्या दप्तरांतून निरखाचा एखादा कागद हातीं लागला म्हणजे तो जशाचा तसा छापावा, आणि खालीं "केवढी ही स्वस्ताई!" असा उद्गार काढावा, अशी एक चाल आमच्या संशोधकवर्गांत पडून गेली आहे. शाळांविषयींही असाच एक समज रूढ आहे. पूर्वींचा पंतोजी कडक, पूर्वींचीं मुलें नेटाचीं, आणि शाळेंत घातलेला मुलगा शिकूनच बाहेर पडे, असें वृद्ध मंडळी सांगतात व आपण तें टिपून घेतों. हीं दोन्ही विधानें वस्तुतः संख्येविषयींचीं आहेत. तथापि संख्या मोजून तीं केलेलीं नसतात. भाव चढला कीं उतरला, मुलें टिकलीं कीं गळलीं, ह्याचा निर्णय संख्याशास्त्राच्या रीतीनेंच झाला पाहिजे. ती रीत आमच्या कागदांस कशी लावावी व कोठें कोठें ती फसविते, एवढेंच ह्या लेखांत दाखवावयाचें आहे. उदाहरणार्थ नागपूर जिल्ह्यांतील नरखेड तालुका घेतला आहे. तेथील दप्तर अन्य स्थळांहून विशेष श्रीमंत आहे असें नव्हे. परंतु ह्या रीतींतील बहुतेक सगळ्या अडचणी त्या लहानशा मुलुखांत एकत्र सांपडतात.

हा तालुका जिल्ह्याच्या वायव्य टोंकास असून पूर्वीं तो काटोल तहशिलींत मोडत असे. पश्चिमेस वर्धा नदी, पलीकडे वऱ्हाड. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याचा, आतां मध्यप्रदेशांत असलेला, पांढुर्ण्याकडील प्रदेश. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगांव हीं बाजाराचीं गांवें. जाम नदी जलालखेड्यापाशीं वर्धेस मिळते. इ. स. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे राहिला. तेव्हांपासून ही नदी दोन राज्यांची शीव झाली. नागपूरचें राज्य १८५४ त खालसा झालें, मध्यप्रांत १८६१ त बनला, वऱ्हाड १९०३ त त्यास जोडलें गेलें, १९५६ त हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. एवढ्या घडामोडी सांगण्याचें कारण असें कीं, प्रत्येक फेरबदलाबरोबर नाणें, माप, वर्षगणना, पाठ्यक्रम व कोष्टकांचे नमुने ह्यांपैकीं कांहींना कांहीं बदललें. ज्यास शंभर वर्षांची एक सलग मालिका हवी आहे, त्यास हे सांधे आधीं हुडकावे लागतात.

प्रथम निरख घेऊं. भावाच्या कागदावर तीन गोष्टी निश्चित झाल्याशिवाय त्याचा आंकडा वापरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. पहिली नाण्याची. नागपुरी रुपया व कंपनीचा रुपया एक नव्हेत, त्यांमधील बट्टा वेळोवेळीं निराळा असे, आणि कागदांत नुसतें "रु." लिहिलेलें असतें. दुसरी मापाची. पायली, कुडव, खंडी हीं नांवें सर्वत्र तींच. पण गांवोगांव माप निराळें, आणि पुष्कळ ठिकाणीं घेण्याचें एक व देण्याचें दुसरें. पुढें सरकारी कोष्टकांत ८० तोळ्यांचा बंगाली शेर आला, तो आजच्या ०.९३३ किलोग्रॅमइतका; आणि १९५८ पासून क्रमाक्रमानें दशमान मापें आलीं. पैसाही १ एप्रिल १९५७ पासून दशमान झाला. तिसरी गोष्ट वर्षाची. फसली सन मृगाला पालटतो. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, परंतु जानेवारीनंतरच्या तिथीस ५९१. हा एकाचा फरक क्षुल्लक वाटेल. पण ज्वारी मार्गशीर्ष-पौषांत खळ्यावर येते व ज्येष्ठांत महाग होते; वर्ष चुकलें म्हणजे एका सुगीचा भाव दुसऱ्या सुगीच्या माथीं बसतो, आणि दुष्काळाचें वर्ष सुबत्तेचें ठरतें.

ह्या तीन गोष्टी सिद्ध झाल्यावरही एक सूक्ष्म चूक उरते. ती चांगल्या चांगल्या लेखकांकडून होत असलेली आम्हीं पाहिली आहे. जुन्या कागदांत व एकोणिसाव्या शतकांतील सरकारी कोष्टकांतही भाव "रुपयास इतके शेर" असा उलटा लिहिलेला असतो. संख्या वाढली म्हणजे स्वस्ताई, उतरली म्हणजे महागाई. ह्या शेरांची सरासरी साध्या बेरजेनें काढली तर उत्तर चुकतें. समजा, एका वर्षाच्या चार तिमाह्यांत ज्वारी रुपयास ३०, २०, १२ व १० शेर होती. (हे आंकडे केवळ समजुतीसाठीं कल्पिले आहेत.) बेरीज ७२, सरासरी १८ शेर. आतां ज्या घरास दर तिमाहीस ६० शेर ज्वारी लागते त्याचा खर्च पाहा : पहिल्या तिमाहींत २ रुपये, दुसऱ्या तिमाहींत ३, तिसऱ्या तिमाहींत ५ व चौथ्या तिमाहींत ६. एकूण २४० शेरांस १६ रुपये, म्हणजे रुपयास १५ शेर. अठरा नव्हेत. अठराच्या हिशेबानें तेंच घर १३ रुपये ५ आणे ४ पैंत भागलें असतें. प्रत्यक्षांत त्यास २ रुपये १० आणे ८ पै जास्त लागले. मनुष्य रुपये खात नाहीं, ज्वारी खातो, आणि ती दर महिन्यास सारखीच खातो. म्हणून सरासरी शेरांची न काढतां किंमतींची काढावी व मग ती उलटावी. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें रचिलेल्या लीलावतींत व्यस्तत्रैराशिक म्हणून जें प्रकरण आहे, त्याचाच हा विषय होय. साधी सरासरी घेणारा लेखक नकळत जुन्या काळास आहे त्यापेक्षां स्वस्त करून सोडतो. आणि भावांत चढउतार जितका मोठा तितकी त्याची चूक मोठी. म्हणजे ज्या काळीं गरिबाचे हाल अधिक झाले, नेमका तोच काळ ह्या गणितानें अधिक सुखाचा भासतो.

दुसरा प्रश्न भारांचा. महागाई कोणाची? ज्वारीचा भाव दुप्पट, डाळ-तेल-मीठ दीडपट व कापड जागच्या जागीं, अशी स्थिति कल्पूं. मजुराच्या खर्चाच्या सोळा आण्यांपैकीं दहा आणे ज्वारी, चार आणे डाळ-तेल-मीठ, दोन आणे कापड. तर त्याचा खर्च १०० वरून १७५ वर जातो. कारकुनाच्या घरीं ज्वारी चार आणे, डाळ-तेल-तूप सहा आणे, कापड वगैरे सहा आणे. त्याचा खर्च सुमारें १४४ वर थांबतो. बाजार एकच, दिवस एकच, महागाई दोन. लीलावतींतील सुवर्णगणितांत निरनिराळ्या कसांचें सोनें एकत्र आटवून त्याचा कस काढण्याची जी रीत दिली आहे, तीच येथें लागू पडते; तेथें सोन्याचें वजन, येथें खर्चाचा वांटा. निर्देशांक म्हणून ज्याचा हल्लीं एवढा बोलबाला आहे, त्यांत ह्याहून गूढ असें कांहीं नाहीं. गूढ आहे तें वांटे कोठून आणावयाचे ह्यांत; आणि येथें आमच्या संग्राहकांच्या पेट्यांतील घरखर्चाच्या वह्या, ज्या आजवर कोणी छापण्याजोग्या मानल्या नाहींत, त्या सनदांहून मोलाच्या ठरतात.

नरखेडच्या बाबतींत तिसरीही एक गोष्ट आहे. येथील शेतकरी कापूस व संत्रीं विकतो आणि पुष्कळदां धान्य विकत घेतो. अमेरिकेंतील यादवीच्या काळीं, १८६१ ते १८६५ मध्यें, कापसाचा भाव चढला तेव्हां सगळ्याच वस्तु चढल्या. पण कापूसवाल्यास ती महागाई लाभाची झाली. उलट सालदार घ्या. त्याचें वेतन वर्षाचें ठरलेलें, त्यांत कांहीं धान्य व कांहीं रोकड. जितका भाग धान्याचा तितका तो महागाईपासून सुरक्षित. रोकडीच्या भागावर सगळा मार. कापूस वेचणाऱ्या बायांस मजुरी वेचलेल्या कापसाचा वांटा म्हणून मिळत असे तेव्हांचा हिशेब पुन्हा निराळा. म्हणून मजुरीचे कागद हातीं नसतां केवळ निरखावरून लोकस्थितीचें अनुमान करणें आम्हांस साहसाचें वाटतें. पुणें प्रांतापुरतें १८०५ ते १८३० ह्या संक्रमणकाळांतील भाव व मजुरी ह्या दोहोंचा एकत्र अभ्यास वि. दा. दिवेकर ह्यांनीं करून तो गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे १९८९ त प्रसिद्ध केला. नागपूर प्रांतासाठीं तसें काम व्हावयास पाहिजे.

सरकारी मालिकांविषयीं थोडक्यांत सांगतों. कृष्णलाल दत्त ह्यांच्या भाववाढीच्या चौकशीचा अहवाल १९१४ त निघाला. त्यांत १८९० ते १८९४ ह्या पांच वर्षांची सरासरी १०० धरून देशभरचे भाव तोलले आहेत. नागपूर शहरांतील कामकरीवर्गाचा राहणीखर्च-निर्देशांक जानेवारी १९२७ हा पाया धरून निघूं लागला. पुढें १ ऑक्टोबर १९४६ रोजीं लेबर ब्यूरो स्थापन झाला व औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचे पाये १९६०, १९८२, २००१ व २०१६ असे बदलत आले. प्रत्येक पालटाच्या वेळीं जुनी मालिका नव्यास सांधण्याचा गुणक प्रसिद्ध होतो. अखिल भारतीय गुणक अनुक्रमें ४.९३, ४.६३ व २.८८. ह्यांचा गुणाकार ६५.७ येतो, म्हणजे १९६० च्या पायावर १०० असलेला आंकडा २०१६ पर्यंत सुमारें ६५७४ झाला असें वाचावें. परंतु हा आंकडा देशाचा व कारखान्यांतील कामकऱ्याचा आहे. नरखेडच्या मजुराचा नव्हे. शिवाय १९६० च्या टोपलींतील जिनसा व २०१६ च्या टोपलींतील जिनसा एक नाहींत. जुनें जातें पुष्कळ वेळां खुंटा पालटून, पुष्कळ वेळां तळी पालटून चालविलें, तर तें तेंच जातें काय, असा जो प्रश्न उपस्थित होतो तोच येथें होतो. दहा-वीस वर्षांच्या तुलनेस ही सांखळी उत्तम. शंभर वर्षांच्या तुलनेस ती केवळ दिशा दाखविते.

बाजारा-बाजारांतील अंतर मात्र ह्या साधनांनीं चांगलें मोजतां येतें. नागपुरास आगगाडी १८६७ त आली. नरखेड ज्या नागपूर-इटारसी मार्गावर आहे तो त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळानें झाला. तोंपर्यंत ह्या भागाचा माल बैलगाडीनें जाई. रेल्वेमुळें निरनिराळ्या जिल्ह्यांतील धान्याचे भाव परस्परांच्या जवळ आले, असें जॉन हर्ड ह्यांनीं १८६१ ते १९२१ च्या कोष्टकांवरून १९७५ त दाखविलें. आमच्या तालुक्यापुरतें हें पडताळावयाचें तर नरखेड, काटोल व नागपूर ह्या तीन बाजारांचे एकाच आठवड्याचे भाव हवेत. सरासरी कशी हालली हें पाहूं नये. तिघांतील तफावत आकुंचन पावली कीं नाहीं हें पाहावें.

आतां शाळांकडे वळूं. येथें साधन एकच, पण भरंवशाचें : दाखल-खारीज पुस्तक. अनुक्रमांक, नांव, जात, जन्मतारीख, आधींची शाळा, दाखल झाल्याची तारीख व इयत्ता, नांव कमी झाल्याची तारीख व इयत्ता, कारण, शेरा : एवढीं सदरें त्यांत असतात. विदर्भांतील जुन्या शाळांत हीं पुस्तकें आजही कपाटांत जपून ठेविलेलीं असतात. त्याचें कारण इतिहासप्रेम नव्हे, तर जातीचा दाखला होय. अनुसूचित जाति-जमातींस १९५० पूर्वींचा, विमुक्त व भटक्या जमातींस १९६१ पूर्वींचा व इतर मागासवर्गीयांस १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. आणि आज्या-पणज्याचें नांव पुष्कळदां ह्याच पुस्तकांत सांपडतें. २०२३ नंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तर ह्या पानांवर हातांची वर्दळ फार वाढली आहे. एकीकडून ह्यामुळें पुस्तकें वांचलीं. दुसरीकडून एकाच ओळीसाठीं पान शंभरदां उलटून तें झिजलें. आणि जें दाखल्यास उपयोगी नाहीं तें, म्हणजे हजेरीपट, परीक्षेचीं निकालपत्रकें, फीच्या वह्या, हें सर्व मुदत संपतांच रद्दींत जातें. मुलगा शाळेंत केव्हां आला हें राहिलें. तो किती दिवस प्रत्यक्ष बसला हें गेलें.

मुलें टिकण्याचा हिशेब आजवर कसा झाला तें पाहणें बोधप्रद आहे. १९२९ च्या हार्टोग समितीनें एक सोपी रीत घेतली : १९२२-२३ मध्यें पहिल्या इयत्तेंत किती मुलें होतीं व तीन वर्षांनीं, १९२५-२६ मध्यें, चौथींत किती होतीं. शंभरास अठरा, असें उत्तर निघालें. ह्यावरून समितीनें ठरविलें कीं, प्राथमिक शिक्षणावरील खर्चाचा मोठा भाग वायां जातो. सबब घाईनें शाळा वाढवूं नयेत, आहेत त्याच सुधाराव्या. ह्या निर्णयाचे परिणाम दूरवर झाले. रा. वि. परुळेकर ह्यांनीं ह्या धोरणास कसून विरोध केला; लोकांस साक्षर करावयाचें तर प्रसार थांबवून चालणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें होतें. आमचा मुद्दा धोरणाचा नसून गणिताचा आहे. पण गणित चुकलें म्हणजे धोरण कसें बिघडतें ह्याचें हें ठळक उदाहरण म्हणून तें येथें मांडलें.

समजा, एका गांवच्या शाळेंत दरसाल ३० नवीं मुलें येतात. पहिल्या इयत्तेंत ५० बसलीं आहेत; त्यांपैकीं ३० वर चढतात व २० तेथेंच राहतात. पुढील वर्षीं ३० नवीं व हीं २० मिळून पुन्हा ५०. दुसरी, तिसरी, चौथी ह्यांत प्रत्येकीं ३०. ह्या शाळेंतून एकही मूल गळलेलें नाहीं; जें आलें तें चौथीपर्यंत पोंचलें, कांहींस एखाद-दोन वर्षें अधिक लागलीं इतकेंच. आतां हार्टोग समितीची रीत लावा : पहिलींत ५०, चौथींत ३०, शंभरास ४० गळलीं! हीं चाळीस मुलें कोणत्या रानांत गेलीं? तीं पहिलींतच बसलेलीं आहेत. दोनदां मोजलीं गेलीं आहेत. बिगारीचा वर्ग जेथें पहिलींतच धरला जाई, तेथें ही फुगवटी आणखी मोठी. ह्याचा अर्थ त्या काळीं गळती नव्हती असा कोणी करूं नये. गळती होती, आणि पुष्कळ होती. पण गळती व स्थगिति ह्या दोन व्याधि निराळ्या. गळतीचें मूळ बहुधा घरांत व शेतांत. स्थगितीचें मूळ शाळेंत, म्हणजे एकशिक्षकी वर्गांत, बाराही महिने चालणाऱ्या दाखल्यांत व मास्तरांच्या परीक्षेंत. दोन्ही एकाच आंकड्यांत कोंबल्या म्हणजे शाळेचा दोष मुलाच्या बापावर जातो. धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर ह्यांनीं सातारा जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षणाची पाहणी करून तिचे वृत्तांत १९५५ त प्रसिद्ध केले, ते ह्या विषयांत अवश्य पाहावे.

मग योग्य रीत कोणती? दाखल-खारीज पुस्तक असतां वर्गाच्या पटांची तुलना करण्याचें प्रयोजनच नाहीं. प्रत्येक मुलाची आल्याची तारीख आहे, गेल्याची आहे. म्हणजे शाळेंतील त्याचें आयुष्य आहे. एका वर्षीं दाखल झालेल्या सर्व मुलांचा एक तांडा कल्पून त्यापैकीं एक वर्षानें किती उरलीं, दोन वर्षांनीं किती, असें कोष्टक मांडावें. जॉन ग्रॉंट ह्यानें १६६२ त लंडनच्या मृत्युपत्रकांवरून व हॅलीनें १६९३ त ब्रेस्लाव शहराच्या नोंदींवरून माणसांच्या आयुष्याचीं कोष्टकें केलीं, तीच ही पद्धति. मात्र दोन सावधगिऱ्या. ज्या मुलानें "दुसऱ्या शाळेंत गेला" म्हणून दाखला नेला तें गळलेलें नव्हे. तें आपल्या दृष्टीआड झालें, इतकेंच. दृष्टीआड होईपर्यंतचीं त्याचीं वर्षें हिशेबांत धरावीं, व पुढें त्यास मेलेल्यांतही मोजूं नये, जगलेल्यांतही मोजूं नये. पुस्तक जेथें संपतें किंवा फाटतें तेथील मुलांसही हाच न्याय. दुसरें असें कीं "कारण" ह्या सदरावर फार विसंबूं नये. सतत गैरहजर म्हणून नांव कमी केलें, हें कारण नव्हे. तो परिणाम आहे. आम्हीं स्वतः तीं सदरें वर्षानुवर्षें भरलीं आहेत, तेव्हां ह्याविषयीं अधिकारानें बोलूं शकतों.

पुस्तकाची विश्वसनीयता तपासण्याचें एक सोपें साधन त्याच्या पोटांतच असतें. जन्मतारखांची मोजदाद करा. खऱ्या नोंदी असतील तर तारखा वर्षभर पसरलेल्या असतील. १ जून किंवा १ जुलै ह्यांवरच ढीग पडला असेल तर मास्तरांनीं शाळेच्या सोयीनें वय बसविलें असें समजावें. अशा पुस्तकांतील वयांवर कोणतेंही बारीक अनुमान रचूं नये. दाखल-तारखा मात्र बहुधा निर्दोष असतात, कारण त्या त्याच दिवशीं लिहिलेल्या असतात.

सगळीं पानें उतरणें शक्य नसेल तर कांहीं ओळी निवडाव्या लागतील. स्थालीपुलाकन्याय सर्वांस ठाऊक आहे : एक शीत चेपून भाताची परीक्षा. हा न्याय केव्हां खरा? भात सारखा शिजला असेल तेव्हां. दाखल-खारीज पुस्तक सारखें शिजलेलें नसतें. आरंभींचीं पानें एका मास्तरांच्या हातचीं, मधलीं दुसऱ्याच्या. आषाढांत भरती दाट, माघांत विरळ. म्हणून वाचावयास सोपीं किंवा ओळखीच्या घराण्यांचीं नांवें असलेलीं पानें निवडूं नयेत. पहिली ओळ चिठ्ठी टाकून ठरवावी व पुढें प्रत्येक दहावी ओळ घ्यावी. तसेंच लहान गांवाच्या आंकड्यावरून मोठें बोलूं नये. पंचवीस मुलांच्या तुकडींत पांचांतून एक गळण्याचा संभव असेल तर सरासरीनें पांच गळतील. पण एका वर्षीं तीन व दुसऱ्या वर्षीं सात गळलीं तरी त्यांत कांहीं विशेष घडलें असें नव्हे. एक ते नऊ एवढा हेलकावा केवळ योगायोगानेंही होऊं शकतो. नवे मास्तर आले व गळती सातावरून तिनावर आली, असें एका वर्षाच्या आधारावर म्हणणें म्हणजे कावळा बसला नि ताडाचें फळ पडलें असें म्हणणें होय.

येथून आम्ही मूळ प्रश्नाशीं येतों : महागाई व शाळा ह्यांचा संबंध काय? १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत पोळला. १८९१ पेक्षां १९०१ च्या खानेसुमारींत लोकसंख्या कमी भरली. त्या वर्षांत शाळा ओस पडल्या असतील हें सांगावयास संख्याशास्त्र नको. परंतु सामान्य वर्षांत? भावांची मालिका व शाळांच्या पटाची मालिका शेजारीं शेजारीं ठेविली तर दोन्ही विसाव्या शतकांत चढतच गेलेल्या दिसतील, व त्यांचा सहसंबंध उत्तम निघेल. त्यावरून महागाईनें शिक्षण वाढतें असें अनुमान निघेल काय? काळाबरोबर चढणाऱ्या कोणत्याही दोन वस्तूंत असला निरर्थक सहसंबंध दिसतो, हें अडनी यूल ह्यांनीं १९२६ त दाखवून दिलें आहे. म्हणून मालिकांची तुलना न करतां त्यांच्या वार्षिक फरकांची करावी : ज्या वर्षीं ज्वारी शेजारच्या वर्षांच्या मानानें महाग झाली, त्या वर्षीं नांव कमी होणें शेजारच्या वर्षांच्या मानानें वाढलें काय? आणि ही तुलनाही वर्षाची न करतां महिन्याची करतां आली तर फारच बरें. आमच्या तालुक्यांत कापसाची वेचणी साधारण कार्तिकापासून चालते. आंबिया बहाराचीं संत्रीं पावसाळा सरल्यावर व मृग बहाराचीं माघ-फाल्गुनांत तुटतात. ह्या दिवसांत मुलाच्या हातास काम मिळतें. नांव कमी होण्याच्या तारखा ह्याच महिन्यांत दाटल्या असतील तर मुलगा महागाईनें गेला नसून मजुरीनें गेला. त्या ज्येष्ठ-आषाढांत, म्हणजे घरांतील धान्य सरल्यावर, दाटल्या असतील तर प्रकरण निराळें. दाखल-खारीज पुस्तकांतील ज्या सदराकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलें नाहीं, त्या एका तारखेंत हा निवाडा आहे. मुलींचा हिशेब मुलग्यांत न मिसळतां वेगळा करावा, कारण त्यांच्या जाण्याचे महिने व वय दोन्ही भिन्न.

आणखी दोन सांधे ध्यानांत ठेवावे. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धेच्या महापुरानें मोवाड उद्ध्वस्त झालें, दोनशेंच्या आसपास माणसें दगावलीं व पुढें गांव नव्या जागीं वसविलें गेलें. त्या वर्षींचा पटांतील खड्डा गळतींत मोजणें क्रूरपणाचें होईल व अशास्त्रीयही. दुसरा सांधा कायद्याचा : १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलांत आला व आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गांत ठेवणें बंद झालें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो नियम सैल झाला आहे. ह्या मधल्या वर्षांत स्थगिति कागदावरून नाहींशी झाली. म्हणून वर्गपटांच्या जुन्या रीतीनें काढलेलें त्या वर्षांचें टिकण्याचें प्रमाण आधींच्या वर्षांशीं ताडून पाहूं नये.

ज्या सभासदांच्या संग्रहीं नरखेड, जलालखेडा, मोवाड, सावरगांव किंवा लगतच्या गांवांचीं अशीं पुस्तकें, दुकानांच्या रोजकीर्दी, अथवा बाजार-वसुलीचे कागद असतील, त्यांनीं पुढील नमुन्यानें उतारे करून मंडळाकडे धाडावे अशी विनंति आहे. शाळेच्या पुस्तकांतून : अनुक्रमांक, मुलगा कीं मुलगी, दाखल-तारीख व इयत्ता, नांव कमी झाल्याची तारीख व इयत्ता, मूळ शब्दांत कारण. नांव व जात उतरूं नये. ह्या कामास तीं लागत नाहींत, व हयात माणसांच्या नोंदी चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. रोजकीर्दींतून : मूळची तिथि व सन, जिन्नस, माप, नाणें, भाव, आणि घेणारा रोख घेत होता कीं उधार; उधारीच्या भावांत व्याज दडलेलें असतें. तिथि इसवींत फिरवूं नये, शेराचे किलो करूं नयेत, खाडाखोड असेल ती तशीच दाखवावी. हिशेब पुढें करतां येईल. मूळ मात्र एकदां रद्दींत गेलें कीं परत मिळत नाहीं. हजेरीपट कोठें टाकून दिले जात असतील तर त्यांतील निदान कार्तिक ते फाल्गुन ह्या महिन्यांचीं पानें आधीं उचलावीं.